बंद झालेल्या वस्तूची किंमत : एका पिस्तुलाच्या निमित्ताने

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात आम्ही शिक्षक मंडळी फळ्यावर दोन रेषा काढतो. एक उतरणारी मागणीची, दुसरी चढणारी पुरवठ्याची. त्या एकमेकींना छेदतात तेथे किंमत ठरते, असे सांगतो आणि खडू खाली ठेवतो. गेली तीस वर्षे मी हेच करीत आलो आहे. कांदा, साखर, कापूस यांची उदाहरणे दिली की हे विवेचन विद्यार्थ्यांना चटकन पटते. भाव चढला की शेतकरी पुढल्या हंगामात जास्त कांदा लावतो, बाजारात माल वाढतो आणि भाव पुन्हा उतरतो. परंतु ज्या वस्तूचे उत्पादनच थांबले, जिचा एकही नवा नग आता निघणार नाही, तिच्या किमतीचे काय? पाठ्यपुस्तकात हा प्रश्न एखाद्या परिच्छेदात आटोपतो. माझ्यापुढे मात्र तो एका पिस्तुलाच्या रूपाने आला, आणि त्याचे उत्तर मी साफ चुकीचे दिले. प्रस्तुत लेखात त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

मामींचे पिस्तूल

माझे मामा सांगली जिल्ह्यातील एका गावचे बागायतदार. १९५२ साली त्यांनी रीतसर परवाना काढून मुंबईच्या दुकानातून वेब्ली अँड स्कॉट या इंग्रजी बनावटीचे .३२ बोअरचे पिस्तूल घेतले. किंमत साडेतीनशे रुपये. ती पावती त्यांनी शेवटपर्यंत जपून ठेवली होती. मामांनी ते पिस्तूल कोणावर कधी रोखल्याचे मला माहीत नाही. दसऱ्याला शस्त्रपूजेच्या पाटावर ते असे, एरवी कपाटात. त्याच्या काळ्या मुठीवर खाली एक टवका गेलेला होता. लहानपणी आम्ही भाचेमंडळी तो टवका लांबूनच पाहत असू.

१९९५ मध्ये मामा वारले. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारक गेला की शस्त्र घरात ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावे लागते. वारसाने ठरलेल्या मुदतीत स्वतःचा परवाना काढावा किंवा परवाना असलेल्याला ते विकावे. नाहीतर ते सरकारजमा होऊ शकते. मामींना दोन मुली. परवाना कोण काढणार? पिस्तूल जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका विक्रेत्याच्या तिजोरीत पडले. ठेवणावळ सुरू झाली.

वर्षभराने त्या विक्रेत्याने स्वतःच पंधरा हजार रुपये देऊ केले. मामी म्हणाल्या, "अरे, तू अर्थशास्त्राचा प्रोफेसर. तू सांग, द्यावं का?" मी तेव्हा नुकताच कायम झालेला अधिव्याख्याता. मी हिशेब मांडला : वस्तू चाळीस-पंचेचाळीस वर्षांची जुनी, यंत्राला घसारा असतो, कंपनीने १९७९ मध्ये बंदुका-पिस्तुले करणे बंद केले, म्हणजे सुटे भागही मिळणार नाहीत, आणि तरी साडेतीनशेचे पंधरा हजार, म्हणजे चाळीस पटींहून जास्त! "मामी, डोळे मिटून द्या," मी म्हणालो. मामींनी सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. ते पैसे धाकट्या मुलीच्या लग्नात खर्च झाले.

दोन वर्षांनी एका सहकाऱ्याच्या भावाकडे जेवायला गेलो होतो. जेवणानंतर यजमानांनी मोठ्या हौसेने आपले नवे पिस्तूल दाखविले. काळ्या मुठीवर खाली तोच टवका होता. "सव्वा लाखाला पडलं. त्या मानाने स्वस्तात मिळालं म्हणायचं," ते म्हणाले. मी हातातला पानाचा विडा तसाच धरून बसलो.

मामी २०११ मध्ये गेल्या. त्यांना मी हे कधी सांगितले नाही.

रिकार्डोने बाजूला ठेवलेला प्रश्न

माझ्या हिशेबात चूक कोठे होती? ती शोधताना मला पहिला आधार मिळाला डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा. १८१७ च्या आपल्या ग्रंथात, मूल्यावरील पहिल्याच प्रकरणात, त्याने वस्तूंचे दोन वर्ग पाडले आहेत. पहिला वर्ग श्रमाने हव्या तितक्या वाढविता येणाऱ्या वस्तूंचा. त्यांचे मूल्य मुख्यतः उत्पादनाला लागणाऱ्या श्रमावर ठरते. दुसरा वर्ग दुर्मिळ पुतळे, चित्रे, जुनी नाणी व ग्रंथ, विशिष्ट जमिनीतल्याच द्राक्षांपासून होणारी मद्ये यांचा. कितीही श्रम केले तरी यांची संख्या वाढत नाही. म्हणून यांचे मूल्य केवळ दुर्मिळतेवर आणि घेणाऱ्याच्या ऐपतीवर व आवडीवर ठरते. रोजच्या बाजारात अशा वस्तू फार थोड्या, असे म्हणून रिकार्डोने हा वर्ग बाजूला ठेवला आणि तो पुढे गेला.

मामांचे पिस्तूल दुकानातून आले तेव्हा पहिल्या वर्गात होते. कारखाना बंद झाल्यावर ते दुसऱ्या वर्गात गेले. वस्तू तीच, पण तिचा वर्ग बदलला, आणि मी घसाऱ्याचा नियम लावला तो पहिल्या वर्गाचा. त्यात आपल्या देशापुरती आणखी एक गोष्ट घडली होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पिस्तुलांची व्यापारी आयात बंद झाली. कानपूरच्या सरकारी कारखान्यात .३२ चे रिव्हॉल्वर होते, परंतु परदेशी बनावटीची हौस त्याने भागत नाही. .३८, ९ मिलिमीटर, .४५ ही बोअर सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाहीत. म्हणून सारी मागणी.३२ वर येऊन पडली. युरोपात ज्या जुन्या पिस्तुलाला कोणी काहीशे डॉलरच देईल, त्याला आपल्याकडे लाखांत भाव आला तो यामुळे. हे मला ठाऊक नव्हते. विक्रेत्याला अर्थातच ठाऊक होते.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. उत्पादन थांबले म्हणून पुरवठ्याची रेषा सरळ उभी होते, असे आपण समजतो. ते एकूण साठ्यापुरते खरे आहे. बाजारात विक्रीला येणारे नग वेगळे. भाव चढला की कपाटातील, ट्रंकांतील वस्तू बाहेर येतात. पण भाव आणखी चढणार अशी समजूत पसरली की त्याच वस्तू पुन्हा आत जातात. म्हणजे अशा बाजारात पुरवठा कारखान्याच्या क्षमतेवर नव्हे, धारकांच्या समजुतीवर हलतो.

शिवणयंत्र आणि टंकलेखनयंत्र

हा बाजार खऱ्या अर्थाने फुलला आहे तो अमेरिकेत. तेथील एक उदाहरण मी हल्ली वर्गात देतो. जॉन ब्राउनिंग या कारागिराने आखलेले 'एम १९११' हे पिस्तूल १९११ पासून १९८५ पर्यंत अमेरिकी सैन्याचे अधिकृत पिस्तूल होते. दुसऱ्या महायुद्धात ते करण्याचे काम निरनिराळ्या कारखान्यांना देण्यात आले. त्यांपैकी एक सिंगर, आपल्या घरोघरी असलेल्या शिवणयंत्राची कंपनी. दुसरी रेमिंग्टन रँड, जिच्या टंकलेखनयंत्रांवर आपल्या पिढीने बोटे झिजविली. सिंगरने १९४१ मध्ये केवळ ५०० पिस्तुले केली आणि मग तिच्याकडे युद्धाची दुसरी कामे गेली. रेमिंग्टन रँडने युद्ध संपेपर्यंत आठ लाखांहून अधिक केली. दोन्ही पिस्तुले एकाच नकाशाची. एकाचा भाग दुसऱ्याला बसावा याच हेतूने केलेली. उपयोगिता समान. तरीही आज रेमिंग्टनचे पिस्तूल हजार-दोन हजार डॉलरच्या घरात मिळते, तर सिंगरच्या चांगल्या नगाने लिलावात एक लाख डॉलरची मर्यादा ओलांडली आहे. फरक आहे तो बाजूला कोरलेल्या नावाचा आणि त्या नावाने किती नग निघाले या आकड्याचा.

साहजिकच जेथे नाव एवढे मोलाचे, तेथे खोटे नाव कोरणारेही निर्माण होतात. म्हणून संग्राहक भिंगाने अक्षरे तपासतात, अनुक्रमांक जुळवतात. जर्मन लुगर पिस्तुलाच्या बारीकसारीक भागांवरही क्रमांक असतात. ते सर्व जुळले तर एक किंमत, एखादाच भाग दुसऱ्याचा निघाला तर दुसरी. मूळ कागदी खोके आणि छापील माहितीपत्रक यांनाही वेगळा भाव असतो. उलट एखाद्या वारसाने 'विकायचे आहे, जरा उजळून घेऊ' म्हणून जुन्या पिस्तुलाला नवी झिलई दिली, तर त्याची किंमत एकदम घसरते. आपल्याकडे जुन्या नाण्याला चिंच लावून घासण्यासारखाच हा प्रकार.

वस्तूबरोबर इतिहास चिकटला तर मग किमतीला धरबंधच राहत नाही. शेरीफ पॅट गॅरेटने ज्या कोल्ट रिव्हॉल्वरने 'बिली द किड' या गुन्हेगाराला १८८१ मध्ये ठार केले, ते २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिलावात साठ लाख डॉलरांवर गेले. परंतु अशी उदाहरणे वर्तमानपत्रांसाठी. सामान्य संग्राहकाचा बाजार निराळा, आणि आपल्याला शिकण्यासारखे आहे ते तेथेच.

महागाई किती, दुर्मिळता किती

या सामान्य बाजाराचा लाडका नमुना म्हणजे कोल्ट कंपनीचे 'पायथन' हे रिव्हॉल्वर. १९५५ मध्ये ते बाजारात आले तेव्हा त्याची किंमत १२५ डॉलर होती. गडद निळी चकाकती झिलई आणि कारागिरांनी हाताने घासून जुळविलेले आतील भाग, ही त्याची ख्याती. पुढे असे कारागीर आणि असा वेळ कंपनीला परवडेना. २००५ पर्यंत त्याचे उत्पादन पूर्ण थांबले. २०१० पासून 'द वॉकिंग डेड' या दूरदर्शन मालिकेतील नायकाच्या हाती ते दिसू लागले आणि पूर्वी ज्यांनी त्याचे नावही ऐकले नव्हते असे तरुण ते शोधू लागले. चांगल्या नगाची किंमत दोन-तीन हजार डॉलरपर्यंत पोहोचली.

१२५ चे अडीच हजार, म्हणजे वीस पट! परंतु येथेही घाईने निष्कर्ष काढू नये. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक १९५५ मध्ये सरासरी २६.८ होता, तो २०२० मध्ये २५८.८ झाला. म्हणजे डॉलरची किंमतच जवळजवळ दहा पटींनी उतरली. १९५५ चे १२५ डॉलर हे २०२० चे सुमारे १२०० डॉलर होतात. वीस पटींपैकी दहा पटी महागाईच्या. पासष्ट वर्षांतील खरी वाढ सुमारे दुपटीची. ज्याने पायथनऐवजी पैसे चांगल्या उद्योगाच्या भागभांडवलात गुंतविले, तो याहून पुष्कळ पुढे गेला असता.

हाच हिशेब मी मामींच्या पिस्तुलाला उशिरा लावून पाहिला. १९५२ मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला ७७ रुपयांच्या आसपास होता. १९९६ मध्ये तो पाच हजारांच्या वर होता. मामांनी साडेतीनशे रुपयांचे सोने घेतले असते तर त्याचे १९९६ मध्ये तेवीस हजारांच्या जवळपास झाले असते. ज्या 'चाळीस पटीं'नी माझे डोळे दिपले, त्या सोन्याच्या वाढीइतक्याही नव्हत्या. अर्थशास्त्राच्या भाषेत याला द्रव्यभ्रम म्हणतात. तो मी तेव्हा वर्गात शिकवीतही होतो!

स्वस्त सौदा कोठून येतो?

भाव चढत असतानाही अशा बाजारात स्वस्त सौदे होतातच. ते कोठून येतात याचा विचार केला तर मला चार वाटा दिसतात.

पहिली वाट लोंढ्याची. १९८० आणि १९९० च्या दशकांत अमेरिकेतील पोलीस दलांनी रिव्हॉल्वर टाकून स्वयंचलित पिस्तुले घेतली, तेव्हा जुनी रिव्हॉल्वरे ढिगाने बाजारात आली. पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटी १९८९ नंतर कोसळल्यावर तिकडच्या सैन्यांची माकारोव्ह वगैरे पिस्तुले अमेरिकेत अगदी स्वस्त मिळू लागली. लोंढा ओसरल्यावर त्यांचेही भाव चढले. ज्यांनी लोंढ्याच्या काळात घेतली त्यांना लाभ झाला. त्यात कोणाचे नुकसान नव्हते.

दुसरी वाट दोषाची. झिलई गेलेले, क्रमांक न जुळणारे पिस्तूल संग्राहकाला नको असते, म्हणून ते स्वस्त मिळते. नेमबाजीपुरते हवे असेल त्याला ते उत्तम. हाही सरळ व्यवहार.

तिसरी वाट विकणाऱ्याच्या अज्ञानाची, आणि चौथी त्याच्या अडचणीची किंवा घाईची. बहुधा या दोन वाटा एकत्रच येतात, कारण संग्राहक मरतो आणि विकायला त्याची बायको किंवा मुले उभी राहतात.

जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. २००१ चे नोबेल पारितोषिक त्यांना दोघा सहकाऱ्यांबरोबर मिळाले ते याच विषयातील कामाबद्दल. जुन्या गाडीचे दोष विकणाऱ्याला माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात; या विषम माहितीमुळे बाजारच बिघडतो, असे त्यांनी दाखविले. वारसाच्या हातातील पिस्तुलाच्या बाबतीत पारडे नेमके उलटे असते. येथे घेणारा जाणकार आणि विकणारा अजाण. मोटारीच्या बाजारात घेणारा निदान संशयाने तरी वागतो. पतीच्या मृत्यूनंतर कपाट आवरणारी बाई संशयानेही वागत नाही. तिला ती वस्तू घरातून जायला हवी असते.

ओहायोतील एक सकाळ

२०१८ च्या उन्हाळ्यात मी माझ्या पुतण्याकडे ओहायो राज्यात महिनाभर राहिलो. तो तेथे वीस वर्षे अभियंता आहे, नागरिक आहे, आणि त्याला जुन्या पिस्तुलांचा नाद आहे. त्याच्या कपाटात दरवर्षी निघणारे 'ब्लू बुक' असते. त्यात प्रत्येक नमुन्याचे, मूळ झिलई किती टक्के शिल्लक आहे त्याप्रमाणे भाव दिलेले असतात. एका शनिवारी तो मला एका 'इस्टेट सेल'ला घेऊन गेला. घरातील माणूस गेल्यावर त्याचे सामान घरीच मांडून विकण्याची तिकडे पद्धत आहे. ताटवाट्या, खुर्च्या, गवत कापण्याचे यंत्र, आणि एका मेजावर, मूळ खोक्यासह, निळे पायथन. चिठ्ठीवर सातशे डॉलर. मेजामागे सत्तरीची एक बाई बसली होती.

पुतण्याने मला बाजूला नेले. त्याचा आवाज बदलला होता. "काका, हे पंधरा वर्षं शोधतोय मी. अडीच हजारांच्या खाली कुठंच नाही."

"मग तिला सांगणार आहेस?"

"का सांगू? भाव मी पाडलेला नाही, तिनं लावलाय. आणि मी जे शिकलो ते फुकट शिकलो का? किती शनिवार घातले, किती वेळा फसलो. या ज्ञानाचा मोबदला मला मिळू नये?"

हा युक्तिवाद टाकाऊ नव्हे. माहिती मिळवायला श्रम व पैसा लागतो, आणि तिचा मोबदलाच मिळेनासा झाला तर कोणी ती मिळविणार नाही. जुन्या पुस्तकांचा व्यापारी रद्दीतून दुर्मिळ ग्रंथ उचलतो तेव्हा आपण त्याचे कौतुकच करतो. मला शास्त्रीय उत्तर सुचले नाही. मी त्याला मामींची गोष्ट सांगितली, तीही तेथेच, गाड्यांच्या रांगेत उभ्या उभ्या.

तो बराच वेळ बोलला नाही. मग त्या बाईकडे गेला, खरा भाव काय तो सांगितला, आणि आणखी दोन ठिकाणी विचारा असे म्हणाला. तिने चिठ्ठी काढून घेतली आणि खोके आत नेले. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. पुढले दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही, आणि त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. माझ्या चुकीची भरपाई मी त्याच्या खिशातून केली होती.

या प्रकरणाला आणखी एक शेपूट आहे. "कंपनी पायथन आता पुन्हा काढणार नाही," असे तो तेव्हा छातीठोकपणे म्हणत असे. जानेवारी २०२० मध्ये कोल्टने नवे पायथन काढले, किंमत १४९९ डॉलर! बेल्जियमच्या ब्राउनिंग हाय-पॉवरचेही तसेच झाले : १९३५ पासूनचे ते पिस्तूल २०१८ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले आणि २०२२ मध्ये मूळ कंपनीनेच त्याचे नवे रूप बाजारात आणले. भाव पुरेसा चढला की बंद कारखानाही जागा होतो. पहिली रेषा अशी आडवाटेने परत येते. तरीही जुन्या पायथनच्या किमती कोसळल्या नाहीत. पुतण्याने नवे घेतले आणि फोनवर म्हणाला, "काका, हे चालतं उत्तम. पण ते हे नव्हे." हाताने जुळविलेल्या निळ्या पायथनची संख्या मात्र वाढलेली नाही.

समारोप

पिस्तूल ही मुळात जीव घेण्याची वस्तू. तिचा संग्रह करावा असे मी विद्यार्थ्यांना सांगणार नाही, आणि आपल्या कायद्यात ते सोपेही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर एका माणसाला दोनच शस्त्रे बाळगता येतात. परंतु बंद झालेल्या वस्तू तुमच्याही घरात आहेत. आजोबांचे घड्याळ, ग्रामोफोन, फाउंटन पेन, कॅमेरा, आणि क्वचित एखाद्या घरी परवान्याची जुनी बंदूक. ती विकण्याची वेळ केव्हा तरी येईल आणि घरातले कोणी तुम्हाला म्हणेल, तू शिकलेला आहेस, तू सांग. तेव्हा चार गोष्टी कराव्यात. वस्तू घासूनपुसून नवी करू नये. खोके, पावती, क्रमांक जपून ठेवावेत. पहिल्याने देऊ केलेली किंमत मूळ किमतीशी नव्हे, आजच्या बाजाराशी ताडून पाहावी, आणि त्यासाठी निदान तीन ठिकाणी विचारावे. शस्त्र असेल तर परवानाधारकाच्या हयातीतच त्याची व्यवस्था ठरवावी, म्हणजे मागे राहणाऱ्याला मुदतीच्या धाकाने विकावे लागणार नाही.

आणि कधी घेणाऱ्याच्या बाजूला असाल तर? लोंढ्यातून, दोषातून, स्वतःच्या चिकाटीतून मिळालेला सौदा आनंदाने घ्यावा. पण समोर दुखवट्यातले माणूस असेल, तर खरा भाव सांगून मग घासाघीस करावी. हा अर्थशास्त्राचा नियम नाही. बाजार याच्यावाचूनही चालतो. मामींचा व्यवहारही कायद्याने बिनचूकच होता. त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.